उडण्याची परवानगी रोज नव्याने

माझ्या मामाच्या तीन लॉगबुकांची बेरीज ४,९९२ तास आहे. आकडा मोठा वाटतो, पण त्याला चोवीसने भागून पाहा. येतात दोनशे आठ दिवस. मामा बत्तीस वर्षं भारतीय हवाई दलात हेलिकॉप्टर वैमानिक होता आणि त्या बत्तीस वर्षांत प्रत्यक्ष हवेत होता तो सात महिन्यांहूनही कमी.

हा भागाकार माझ्या मुलाने केला. तो नववीत आहे आणि सध्या त्याच्या डोक्यात एनडीए, म्हणजे सैन्यातले अधिकारी घडवणारी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, घोळतंय. कोलशेतला मामाच्या घरी एका रविवारी लॉगबुकं टेबलावर पसरलेली होती, तेव्हा त्याने सरळ विचारलं, "आजोबा, मग बाकीची एकतीस वर्षं तुम्ही काय करत होता?"

मामा म्हणाला, "उडायची परवानगी मिळवत होतो."

लष्करी वैमानिक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर प्रजासत्ताक दिनाची विमानं येतात, नाहीतर युद्धातला एखादा थरारक प्रसंग. त्या चित्रात खोटं काही नाही, पण ते फार थोड्या मिनिटांचं आहे. बाकीचं आयुष्य कसं असतं, त्यात काय काय सांभाळावं लागतं, हे मला तरी मामाच्या वह्या वाचेपर्यंत कळलं नव्हतं. ज्यांच्या घरात एखादं पोर आकाशाकडे बघत बसलेलं आहे, त्यांना उपयोग होईल म्हणून लिहिते.

आधी लॉगबुक म्हणजे काय ते सांगते. ही वैमानिकाची वही. एका उड्डाणाला एक ओळ: तारीख, यंत्राचा प्रकार आणि क्रमांक, कप्तान कोण, सोबत कोण, काम काय, दिवसा किती वेळ, रात्री किती, आणि बाहेरचं काहीही न दिसता फक्त यंत्रांकडे बघून किती. महिना संपला की खाली बेरीज, आपली सही आणि वरिष्ठांची सही. भीती वाटली, हवा बिघडली, कुणाचा जीव वाचला, यातलं काही त्यात येत नाही. मामाच्या वहीत एक ओळ आहे: हेलिकॉप्टर 'चीता', काम 'कॅज-इव्हॅक', वेळ पन्नास मिनिटं. म्हणजे जखमी किंवा आजारी जवानाला खाली आणलं. एवढंच. त्या जवानाचं नाव मामाला त्या दिवशीही माहीत नव्हतं.

आता पहिली परवानगी. हवाई दलात वैमानिक व्हायचे रस्ते मोजकेच आहेत. बारावीला गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र घेऊन एनडीएची परीक्षा द्यायची, निवड झाली की पुण्याजवळ खडकवासल्याला तीन वर्षं. किंवा पदवीनंतर तिन्ही दलांसाठीची सीडीएस परीक्षा, नाहीतर हवाई दलाची स्वतःची अॅफकॅट परीक्षा. अॅफकॅटमधून मिळणारं उड्डाण शाखेचं शॉर्ट सर्व्हिस कमिशन, म्हणजे अधिकारी म्हणून ठरावीक मुदतीची नेमणूक, चौदा वर्षांचं असतं, आणि त्यात पुढे पेन्शन नाही, हे घरच्यांनी आधीच समजून घेतलेलं बरं. मुलींसाठी एनडीएचं दार २०२२मध्ये उघडलं. त्यांची पहिली तुकडी, सतरा जणींची, ३० मे २०२५ला खडकवासल्याहून बाहेर पडली. हवाई दलात मुली त्याच्या कितीतरी आधीपासून हेलिकॉप्टर आणि मालवाहू विमानं उडवत होत्या, आणि २०१६पासून लढाऊ विमानंही. आपल्याकडे तयारीसाठी साताऱ्याची सैनिकी शाळा १९६१पासून आहे, मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे. हवाई दलाच्या प्रमुखपदापर्यंत पोचलेली मराठी नावं आठवायची तर मुळगावकर, टिपणीस, नाईक आणि अलीकडचे नांदेड जिल्ह्यातले विवेक चौधरी.

लेखी परीक्षा पास झालं की अधिकारी निवडणाऱ्या मंडळाची, एसएसबीची, पाच दिवसांची मुलाखत. आणि इथे एक गोष्ट आहे जी पालकांना बहुतेक माहीत नसते. वैमानिकाच्या कलचाचणीला आयुष्यात एकदाच बसता येतं. यंत्रासमोर बसायचं, हाताने दांडा आणि पायाने पट्टी सांभाळत पडद्यावरचा ठिपका चौकटीत ठेवायचा, त्याच वेळी दिवे आणि आवाजांना प्रतिसाद द्यायचा, तबकड्या वाचायच्या. नापास झालात तर सैन्य, नौदल, हवाई दलाच्या इतर शाखा मोकळ्या आहेत, पण वैमानिकाची जागा कायमची बंद. मामा म्हणतो, ती चाचणी पाठ करून होत नाही, पण आदल्या रात्री नीट झोपून नक्की सुधारते.

मग वैद्यकीय तपासणी. डोळे, रंग ओळखणं, कान, हृदय हे आपल्याला सुचतं. पण तिथे पायही मोजतात. बसल्यावर पाठीपासून गुडघ्यापर्यंतची लांबी ६४ सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. कारण अगदी साधं आहे. संकटात वैमानिक खुर्चीखालचा स्फोटक आणि रॉकेट पेटवून खुर्चीसकट बाहेर फेकला जातो. त्या क्षणी गुडघे समोरच्या फळीच्या रेषेच्या पुढे असतील तर ते तिथेच राहतील. मणक्यावर एवढा दाब येतो की वाचलेल्यांपैकी कित्येकांचे मणके दबतात. म्हणजे निवड समितीला उंचपुरा मुलगा नको असतो असं नाही, कॉकपिटच्या पेटीत मावणारा मुलगा हवा असतो.

हैदराबादजवळच्या दुंडिगलच्या अकादमीत प्रत्यक्ष उडणं सुरू होतं. आताची मुलं पिलाटस या स्विस बनावटीच्या विमानावर शिकतात. शेजारी किंवा मागे प्रशिक्षक असतो, आणि एक दिवस तो उतरतो आणि म्हणतो, जा, एकटा फेरी मारून ये. पहिली सोलो. मामाच्या वहीत त्या ओळीत 'कप्तान' या रकान्यात पहिल्यांदा त्याचं स्वतःचं नाव आहे. वेळ पंधरा मिनिटं.

त्यानंतर वाटा फुटतात. काही जण लढाऊ विमानांकडे, ते बिदरला हॉक जेटवर पुढचं शिकतात. काही मालवाहू विमानांकडे, काही हेलिकॉप्टरकडे, हकिमपेटला. लोकांच्या मनात याची उतरंड आहे, लढाऊ म्हणजे पहिला नंबर आणि हेलिकॉप्टर म्हणजे उरलेले. हा गैरसमज मला मनापासून चुकीचा वाटतो. २० ऑगस्ट २०१३ला लडाखमधल्या दौलत बेग ओल्डीच्या १६,६१४ फुटांवरच्या धावपट्टीवर सी-१३० हर्क्युलिस उतरवणारे मालवाहू विमानाचे वैमानिक होते. सियाचिनच्या चौक्यांना वर्षानुवर्षं जिवंत ठेवणारे हेलिकॉप्टरवाले आहेत. कामं वेगळी, शरीरावरचा ताण वेगळा.

त्या ताणाबद्दल थोडं थांबून सांगते, कारण सगळ्या नियमांचं मूळ तिथे आहे.

लढाऊ विमान जोरात वळतं तेव्हा काय होतं ते जत्रेतल्या पाळण्यात बसलेल्या कुणालाही अर्धंमुर्धं ठाऊक आहे. पाळणा खालून वर उचलतो तेव्हा आपण खुर्चीत दाबले जातो, वजन वाढल्यासारखं वाटतं. ते किती पट वाढलं हे 'जी'मध्ये मोजतात. आता तुम्ही बसलात तो एक जी. आधुनिक लढाऊ विमान नऊ जीपर्यंत जातं. डोकं साधारण पाच किलोचं धरलं तर ते पंचेचाळीस किलोचं होतं, वर हेल्मेट वेगळं. खरी अडचण रक्ताची आहे. रक्तही तितकंच जड होतं आणि हृदयाला ते मेंदूपर्यंत चढवता येत नाही. आधी रंग जातात आणि सगळं करडं दिसू लागतं, मग काळोख, मग शुद्ध हरपते. हे सगळं काही सेकंदांत. म्हणून पोट आणि मांड्या आवळणारा फुगणारा जी-सूट घालतात, आणि त्याच्या जोडीला पाय-पोटाचे स्नायू घट्ट करून, श्वास रोखून, दर तीन सेकंदांनी झटक्यात श्वास बदलायचा असतो. हे करता करता शत्रूचं विमान शोधायचं, रडार बघायचं, रेडिओवर बोलायचं. बंगळुरूच्या हवाई वैद्यकीय संस्थेत एक मोठा फिरता पाळणा आहे, त्यात वैमानिकांना बसवून याचा सराव देतात.

दुसरा ताण कानाचा, आणि तो सगळ्या वैमानिकांना सारखाच. कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात आणि त्यांत द्रव. डोकं वळलं की द्रव मागे रेंगाळतो, त्यावरून मेंदूला वळल्याचं कळतं. पण वळण एकसारखं चालू राहिलं तर थोड्या वेळाने द्रवही बरोबरीने फिरू लागतो आणि मेंदू म्हणतो, आपण सरळ चाललोय. मामाने माझ्या मुलाला त्याच्या फिरत्या खुर्चीत डोळे मिटून बसवलं आणि एकाच संथ गतीने फिरवत राहिला. वीसेक सेकंदांनी पोरगा म्हणाला, "थांबलो." तो फिरतच होता. मग मामाने खुर्ची खरोखर थांबवली, तर म्हणाला, "आता उलटा का फिरवताय?" डोळे उघडले तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

आता हेच जुलैतल्या ढगात, कसाऱ्याच्या डोंगरांवर, रात्री. बाहेर काही दिसत नाही, शरीर शपथेवर सांगतंय की यंत्र सरळ आहे, आणि समोरची तबकडी सांगतेय की ते डावीकडे कलून खाली चाललंय. शरीराचं ऐकणारे वैमानिक डोंगराला धडकलेले आहेत. म्हणून फक्त यंत्रांवर उडण्याचा वेगळा परवाना असतो: व्हाइट, ग्रीन आणि सर्वांत वरचा मास्टर ग्रीन. तोही कायमचा नाही. ठरलेल्या मुदतीत परत परीक्षा द्यायची, नाहीतर खालच्या रंगावर या.

तिसरा ताण उंचीचा, आणि इथे मामाच्या वहीतलं सगळ्यात दाट पान येतं. एका दिवसात आठ ओळी. प्रत्येकीत पस्तीस-चाळीस मिनिटं. यंत्र 'चीता', ठिकाण सियाचिन.

हेलिकॉप्टर वर राहतं ते पंखा हवा खाली ढकलतो म्हणून. अठरा हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा होतो. ढकलायला हवाच अर्धी. शिवाय इंजिनही तीच विरळ हवा ओढतं, त्यामुळे त्याचीही ताकद उतरते. आणि उन्हाने हवा तापली की आणखी विरळ होते. म्हणून तिथली बरीचशी उड्डाणं पहाटे, थंडीत. चीता हे फ्रेंच लामा हेलिकॉप्टरचं आपल्याकडे हिंदुस्तान एअरोनॉटिक्सने परवान्याने बांधलेलं रूप. लामाने १९७२मध्ये १२,४४२ मीटर उंची गाठून हेलिकॉप्टरचा जागतिक विक्रम केला होता, त्यामुळेच ते हलकं यंत्र सियाचिनला कामी आलं. १९८४च्या एप्रिलमध्ये ऑपरेशन मेघदूत सुरू झालं तेव्हापासून तिथल्या वरच्या चौक्यांचा जीव या छोट्या यंत्रांवर टांगलेला आहे.

मामाने मुलाला हिशोब कागदावर मांडून दाखवला. यंत्राचं वजन बदलत नाही. दोन वैमानिकांचं वजन बदलत नाही. उरतं इंधन आणि सामान. इंधन जास्त घेतलं तर रॉकेलचा एक डबा खाली ठेवावा लागतो, आणि त्या डब्यावर वरच्या जवानांचा बर्फ वितळून पाणी होणार असतं. इंधन कमी घेतलं आणि परतताना वारा समोरून आला तर? म्हणून जाण्यापुरतं, येण्यापुरतं आणि वर ठरलेली शिल्लक, त्यापलीकडे एक लिटरही नाही. सगळ्यात वरच्या चौकीवर कधीकधी एका फेरीत एखाद-दोन जेरीकॅनच जातात. उतरायची जागा एखाद्या ओट्याएवढी. पंख्याच्या वाऱ्याने भुसभुशीत बर्फ उडतो आणि शेवटच्या काही फुटांत सगळं पांढरं होतं. इंजिन बंद करायचं नाही, कारण त्या थंडीत ते परत सुरू होईल याची खात्री नाही. सामान ढकललं, पत्रांची पिशवी घेतली, निघा. मिनिटभरही थांबायचं नाही.

मी विचारलं, भीती वाटायची का. मामा म्हणाला, "हिशोब बरोबर असला की नाही वाटायची. हिशोबात घाई झालेली असली की वाटायची."

या उत्तरात मला त्याच्या व्यवसायाचा गाभा सापडला. उडणं म्हणजे तयारीचा शेवटचा, सगळ्यात छोटा भाग. सकाळी हवामानाचं ब्रीफिंग, मग त्या दिवसाच्या उड्डाणाची चर्चा, यात काय चुकू शकतं आणि चुकलं तर कुणी काय करायचं. आदल्या रात्रीची विश्रांती नियमात बसलेली. सर्दी झाली असेल तर उडायचं नाही, कारण उंचीवर कान-नाकातली हवा अडकून पडदा फाटू शकतो. उतरल्यावर डिब्रीफिंग, म्हणजे झालेल्या उड्डाणाची चिकित्सा. तिथे पदाचा मान खोलीबाहेर राहतो. नवखा फ्लाइंग ऑफिसर विंग कमांडरला सांगू शकतो की सर, तुम्ही वळण उशिरा घेतलंत, आणि त्याने ते ऐकायचं असतं. आपल्या किती कार्यालयांत हे शक्य आहे?

वैमानिकांचा दर्जाही ठरवला जातो. डी, सी, बी, ए अशा श्रेणी. परीक्षक मंडळ येतं, तोंडी परीक्षा घेतं, सोबत उडून बघतं. आणि दरवर्षी वैद्यकीय तपासणी. ए म्हणजे हवेसाठी, जी म्हणजे जमिनीसाठी, ए-१ जी-१ म्हणजे पूर्ण तंदुरुस्त. मामाच्या दुसऱ्या लॉगबुकात सहा महिन्यांची पानं कोरी आहेत. हेलिकॉप्टर वैमानिक तासन्‌तास थोडा वाकून बसतो, एक हात डावीकडे खाली, एक समोर, दोन्ही पाय पट्ट्यांवर, आणि यंत्र सतत थरथरतं. पाठ धरतेच. त्याची कंबर एवढी धरली की तात्पुरता ए-४ मिळाला, म्हणजे उड्डाण बंद. तो रोज युनिफॉर्म घालून स्क्वाड्रनमध्ये, म्हणजे आपल्या उड्डाण तुकडीत, जायचा, कागदपत्रं सांभाळायचा आणि इतरांची यंत्रं उडताना बघायचा. "तेव्हा पहिल्यांदा कळलं," तो म्हणाला, "की पगार चालू आहे, पद चालू आहे, आणि तरी आपण आपण नाही."

परत उडू लागला तो तपासण्या पार करून, आणि आधी प्रशिक्षकासोबत. बारा वर्षांचा अनुभव असलेला माणूस पुन्हा विद्यार्थ्याच्या जागेवर. काही आठवडे उडलं नाही तरी असंच. हाताला सवय राहिली आहे हे दाखवल्याशिवाय एकट्याला यंत्र मिळत नाही.

घरच्यांबद्दल मामी सांगते तेच सांगते. बत्तीस वर्षांत चौदा घरं. काळ्या पत्र्याच्या ट्रंका, त्यांवर पांढऱ्या रंगाने नाव आणि नंबर, जुन्या गावाचं नाव खोडून नवं लिहिलेलं. माझी मामेबहीण सात शाळांत शिकली. ठाण्यातलं घर २००४ला घेतलं ते पंधरा वर्षं दुसऱ्याच कुणी वापरलं. हे सगळं मामी हसत सांगते. एक गोष्ट मात्र ती हळू आवाजात सांगते. वसाहतीत भलत्या वेळी जीप शिरली की प्रत्येक घरातली बाई खिडकीशी यायची, जीप कुठल्या दारी थांबतेय ते बघायला. पुढे गेली की श्वास सुटायचा, आणि दुसऱ्याच क्षणी लाज वाटायची की आपला श्वास का सुटला.

पदांचं गणित थोडक्यात. कमिशन मिळालं की फ्लाइंग ऑफिसर, दोन वर्षांनी फ्लाइट लेफ्टनंट, सहा वर्षांनी स्क्वाड्रन लीडर, तेरा वर्षांनी विंग कमांडर. इथवर काळाप्रमाणे परीक्षा-तपासण्या पार करत जाता येतं. पुढे ग्रुप कॅप्टन होताना निवड होते, आणि शिडी एकदम अरुंद होते. त्यात एक दुखरी गोष्ट अशी की जसजसं वर जावं तसतसं कॉकपिट दूर जातं. स्क्वाड्रनची कमान हा वैमानिकाच्या आयुष्यातला सर्वांत भरलेला काळ, आणि त्यानंतर टेबल, फायली, बैठका. मामाचं पहिलं लॉगबुक सात वर्षांत भरलं. तिसरं सोळा वर्षांत अर्धंही भरलं नाही.

उड्डाण शाखेतले बहुतेक अधिकारी पंचावन्नच्या आसपास निवृत्त होतात, मामा २०१८ला झाला. नावापुढे '(निवृत्त)' लागतं, नावाआधीचं पद मात्र आयुष्यभर राहतं. अधिकाऱ्याला पेन्शनसाठी किमान वीस वर्षांची सेवा लागते आणि ती शेवटच्या वेतनाच्या निम्मी असते. त्यातला निम्म्यापर्यंतचा भाग आधीच एकरकमी घेता येतो, मग तेवढी कपात पंधरा वर्षं चालते आणि त्यानंतर पूर्ण पेन्शन परत सुरू होते. 'एक पद, एक पेन्शन' हे शब्द आपण बातम्यांत ऐकतो. त्याचा अर्थ इतकाच की एकाच पदावरून, तेवढीच सेवा करून निवृत्त झालेल्या दोघांना सारखी पेन्शन, मग एक जण १९९५ला निवृत्त झालेला असो की २०१३ला. आधी जुन्या माणसाला कमी मिळायची, कारण त्याचा शेवटचा पगारच कमी होता. ही योजना १ जुलै २०१४पासून लागू धरली आहे आणि दर पाच वर्षांनी आकडे नव्याने बसवतात. औषधोपचारासाठी २००३पासून माजी सैनिकांची आरोग्य योजना आहे. आणि बहुतेक जिल्ह्यांत, ठाण्यातही, सैनिक कल्याण कार्यालय असतं. तिथे पेन्शनच्या अडचणी, मुलांच्या शिष्यवृत्त्या, वीरपत्नींची कामं होतात. ओळखीत एखाद्या जवानाची पत्नी एकटी असेल तर तिला हा पत्ता नक्की सांगा. बऱ्याच जणींना तो माहीत नसतो.

दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. आता तो मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो. मामाचा मी करून देते. मोबाइल समोर धरला की तो पाठ सरळ करतो, हनुवटी वर घेतो. बत्तीस वर्षं दर वर्षी डॉक्टरसमोर उभं राहायची सवय आहे ती.

पुष्कळ वैमानिक निवृत्तीनंतर नागरी विमानसेवेत जातात. त्यांना तिथले नियम आणि परवाने नव्याने मिळवावे लागतात. मोठ्या प्रवासी विमानाचा कप्तान व्हायला लागणाऱ्या वरच्या परवान्यासाठी १,५०० तासांचा अनुभव हवा. पासष्टीपर्यंत उडता येतं. मामाचा एक कोर्समेट जुहूच्या विमानतळावरून समुद्रातल्या तेलविहिरींवर हेलिकॉप्टर नेत असे. मामालाही जायचं होतं, पण नागरी तपासणीत कानांनी साथ दिली नाही. इंजिनाच्या शेजारी काढलेल्या आयुष्यात उंच पट्टीचे आवाज आधी जातात. तलावपाळीच्या गर्दीत त्याला नातवंडांचं बोलणं कळत नाही, 'स' आणि 'श' तर हरवलेच आहेत. पण पंख्याचा खालच्या पट्टीतला ठोका शाबूत आहे. गच्चीत बसलेलो असलो की तो अचानक येऊरच्या डोंगराकडे मान वळवतो आणि यंत्राचं नाव सांगतो. आम्हाला तो आवाज त्यानंतर काही क्षणांनी ऐकू येतो.

२७ जुलै २०१९ला वांगणीजवळ पुराच्या पाण्यात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली, आत हजारावर माणसं. आम्ही सगळे टीव्हीसमोर होतो आणि मीच म्हणाले, हेलिकॉप्टरने उचलत का नाहीत? मामाने पडद्यावर बोट ठेवलं. रुळांवरून जाणाऱ्या विजेच्या तारा. खाली माणूस लटकवलेलं हेलिकॉप्टर त्या तारांवर स्थिर धरायचं, पावसात, वाऱ्यात. दोरीने एका वेळी एक-दोन माणसं वर येतात. मोठ्या हेलिकॉप्टरमध्ये दोन-अडीच डझन मावतात. हजार लोकांचा हिशोब तूच कर, म्हणाला. हेलिकॉप्टर आली, पण गाडीतली माणसं राष्ट्रीय आपत्ती दलाने आणि गावकऱ्यांनी बोटींनी बाहेर काढली, आणि तेच बरोबर होतं. आठवड्याभराने खडवलीजवळच्या जू-नांदखुरी गावाला पाण्याने वेढलं तेव्हा मात्र हवाई दलाचं हेलिकॉप्टर गेलं आणि माणसं उचलून आणली. तेव्हा मामा काही बोलला नाही. खुर्चीच्या कडेला बसून डावा हात किंचित वर-खाली करत होता, हेलिकॉप्टरची उंची ज्या दांड्याने सांभाळतात तो जिथे असतो तिथे.

नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ला झालं, नेमकं हवाई दल दिनी. पण तिथल्या धावपट्टीवर पहिलं विमान उतरलं ते त्याच्या वर्षभर आधी, ११ ऑक्टोबर २०२४ला, आणि ते हवाई दलाचं सी-२९५ होतं. मामाने ते चित्रण आम्हाला तीनदा दाखवलं. प्रत्येक वेळी तो चाकं टेकण्याच्या क्षणी थांबवायचा आणि म्हणायचा, बघ, किती हळू ठेवलंय.

त्या रविवारी निघताना मुलाने विचारलं की आत्तापासून काय करू. मला वाटलं मामा धावायला सांगेल, गणितं करायला सांगेल. त्याने आधी डोळे तपासून यायला सांगितलं, मग मामीच्या शिवणाच्या डब्यातून टेप आणायला लावली. मुलाला भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बसवलं, पाय सरळ, आणि भिंतीपासून गुडघ्यापर्यंत टेप धरली.

"अठ्ठावन्न. अजून वाढशील."

मग चष्मा चढवून त्याने एका कोऱ्या वहीत रकाने आखले आणि पहिल्या ओळीत तारीख, मुलाचं नाव, ५८ सेंटीमीटर असं लिहिलं. खाली स्वतःची सही केली आणि पेन मुलाच्या हातात दिलं, त्याच्या सहीसाठी.